रस्त्याकडेचे घर

दिवाळीच्या अंकात फराळाविषयी लिहावे, रांगोळीविषयी लिहावे, निदान भाऊबिजेच्या ओवाळणीविषयी तरी लिहावे, असा रिवाज आहे. आणि मी लिहायला बसलो आहे रस्त्याच्या कडेला घर बांधायच्या सरकारी परवानगीविषयी! संपादकांनी कपाळाला हात लावला असेल. पण गेल्या वर्षभरात या सदराकडे आलेल्या पत्रांचा गठ्ठा सोडला, तर त्यातले निम्मे अधिक वाचक घर बांधण्याच्या खटाटोपात आहेत असे दिसते. तेव्हा वाचकांनी एक चकली हाताशी ठेवावी आणि मगच पुढे वाचावे. विषय रुक्ष आहे. घास तरी कोरडा जायला नको.

गोष्ट माझ्या मामांची आहे. मामा माधवनगरला राहतात. सांगलीहून तासगावकडे निघाले की रेल्वेचा पूल ओलांडल्यावर माधवनगर लागते, पुढे बुधगाव, मग कवलापूर. या वाटेने गूळ गेला, हळद गेली, कापड गेले; आता तासगावची द्राक्षे आणि बेदाणा जातो. म्हणजे या गावांचा सारा जीव रस्त्यात. २०२३ साली रेल्वेच्या दुहेरी मार्गासाठी चिंतामणीनगरचा जुना पूल पाडला, तेव्हा दहा मिनिटांच्या वाटेला वळसे घालताना रस्ता म्हणजे काय चीज असते, ते माधवनगरकरांना पुरेपूर कळले.

मामा प्राथमिक शाळेतले गुरुजी. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाती फंडाची रक्कम आली, आणि वडिलांच्या वाटणीतली, अगदी रस्त्याला लागून असलेली चार गुंठे जागा होतीच. तेहतीस फूट रुंद आणि एकशे बत्तीस फूट खोल, अशी पट्टीसारखी जागा. तिच्यावर बेत असा : मागे तीन खोल्यांचे घर आणि पुढे रस्त्यावर दोन गाळे. एक गाळा भाड्याने द्यायचा आणि दुसरा माझ्या मामेबहिणीचा. तिचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. पदरी एक मुलगा. शिवणकाम उत्तम येते. रस्त्यावर दुकान असले की गिऱ्हाईक आपोआप येईल आणि पोरगी कोणाच्या तोंडाकडे न पाहता स्वतःच्या पायांवर उभी राहील, एवढाच मामांचा हिशेब होता. म्हणजे तो गाळा नुसता गाळा नव्हता, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

मिस्त्री आला. त्याने जागा पाहिली, डोक्यावरची टोपी मागे सारली आणि म्हणाला, "गुरुजी, रस्त्याला भिडवूनच घ्या की! शेजाऱ्यानं घेतलंय नव्हं? परवानगीचं मागनं बघू. एकदा भिंत उभी राहिली, की कोण पाडतंय?"

मामांच्या मनात ते भरले होते, हे त्यांनी मला पुढे प्रामाणिकपणे सांगितले. पण मामी आड आल्या. त्या म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं पोरांना समास सोडून लिहायला शिकवलंत. आता स्वतःच्या घराला समास सोडायला नको?" आणि गुरुजी निरुत्तर झाले.

मग मामा अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने पहिलाच प्रश्न विचारला, "गुरुजी, रस्ता कोणाचा?"

मामा म्हणाले, "सरकारचा!"

"ते झालं हो. पण कोणत्या सरकारचा?"

मामांना वाटले, हा माणूस आपली थट्टा करतो आहे. पण वाचकहो, प्रश्न बिनतोड होता. आपण ज्याला सरसकट 'रस्ता' म्हणतो, त्याच्या जाती आहेत आणि प्रत्येक जातीचा धनी वेगळा आहे. ही वर्णव्यवस्था ठरली आपल्याच नागपुरात. १९४३ साली तिथे देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग अशी वाटणी केली. 'नागपूर योजना' म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्याही आधी, १९२७ साली, हिंदुस्थानातल्या रस्त्यांचा विचार करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. मोटारी वाढतील, रस्त्यांना पैसा लागेल आणि हा भार एकट्या प्रांतांना झेपणार नाही, हे त्या समितीने सांगितले. त्यातून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. रस्त्याच्या बाबतीत मराठी माणूस असा मुळापासून गुंतलेला आहे.

आज आपल्याकडे व्यवस्था ढोबळमानाने अशी आहे. राष्ट्रीय महामार्गावर केंद्राचा अंमल. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या, शहरातल्या नगरपालिकेच्या वा महापालिकेच्या. तुमच्या दारावरून जाणारी डांबराची पट्टी दिसायला एकच असली, तरी तिची जात कळल्याशिवाय कोणाच्या दारी अर्ज करायचा, हे कळत नाही. शिवाय ही जात बदलतेही. कालचा जिल्हा मार्ग आज राज्य महामार्ग होतो, राज्य महामार्गाचा राष्ट्रीय होतो.

जातीने केवढा फरक पडतो, याचा एक गमतीदार दाखला देतो. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत दारूची दुकाने नकोत, असा निकाल दिला. तेव्हा काही राज्यांनी काय करावे? दुकाने हलवण्याऐवजी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचे 'महामार्ग'पणच काढून घेतले! रस्ता तोच, खड्डे तेच, दुकानही तेच. फक्त कागदावरचे नाव बदलले आणि बाटल्या जागच्या जागी राहिल्या. कागदावरच्या शब्दात असे बळ असते.

असो. आता परवानगीचे मूळ पाहू. आपल्या भागाला जेव्हा दक्षिण सातारा जिल्हा म्हणत आणि राज्य मुंबईचे होते, त्या वेळी, १९५५ साली, मुंबई महामार्ग अधिनियम झाला. आता त्याला महाराष्ट्र महामार्ग अधिनियम म्हणतात. या कायद्याप्रमाणे रस्त्याच्या बाजूने तीन रेषा ठरवता येतात. पहिली रस्त्याची हद्द. तिच्या आतली जमीन रस्त्याची. दुसरी इमारत रेषा. तिसरी, त्याहून लांबची, नियंत्रण रेषा. रस्त्याची हद्द आणि इमारत रेषा यांच्यामधली जमीन तुमच्याच मालकीची असते, सातबारा तुमच्याच नावावर असतो. पण तिथे महामार्ग प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून बांधकाम करता येत नाही. इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा यांच्यामध्येही बांधायचे तर आधी विचारावे लागते. आणि पुष्कळांना ठाऊक नसते ते हे, की नुसते घर नव्हे, तर घरातून महामार्गावर यायची वाट काढायलाही परवानगी लागते. राष्ट्रीय महामार्गासाठी २००२ सालचा केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे; पेट्रोलपंपवाले आणि धाबेवाले त्याला चांगले ओळखतात.

या रेषा किती लांब असाव्यात? भारतीय रस्ते परिषदेने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या मानकांत मोकळ्या सपाट मुलखातल्या राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांसाठी दोन्ही बाजूंच्या इमारत रेषांमध्ये ८० मीटर आणि नियंत्रण रेषांमध्ये १५० मीटर अंतर सुचवले आहे. म्हणजे रस्त्याच्या मध्यापासून एका बाजूला ४० आणि ७५ मीटर. प्रमुख जिल्हा मार्गासाठी हेच आकडे दोन्ही बाजूंचे मिळून ५० आणि १०० मीटर. वस्तीच्या भागात अंतरे खूपच कमी धरतात. पण हे झाले मानक. तुमच्या रस्त्याला कोणते अंतर लागू आहे, ते त्या त्या रस्त्याच्या अधिसूचनेवरून आणि नकाशावरूनच ठरते. शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर पाया खणू नये.

"एवढी जागा मोकळी टाकायची म्हणजे निव्वळ अन्याय!" असे मामा म्हणाले, तसे तुम्हीही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण या रेषांमागे एक धडा आहे आणि तो आधी इंग्लंडने घेतला. पहिल्या महायुद्धानंतर तिथे मोटारींसाठी नवे रुंद रस्ते काढले. रस्ता झाला, तशी त्याच्या दोन्ही कडांना घरे उभी राहू लागली. गावापासून गावापर्यंत फीत लावावी, तशी घरांची रांग. प्रत्येक घराचे फाटक थेट रस्त्यावर. मोटारीसाठी काढलेल्या रस्त्यावर पोरे खेळू लागली, गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि ज्या वेगासाठी पैसा ओतला, तो वेगच गेला. शेवटी १९३५ साली तिथल्या पार्लमेंटने या फितीसारख्या वस्तीला आळा घालणारा कायदा केला आणि वर्गीकृत रस्त्यांच्या मध्यापासून २२० फुटांच्या आत बांधायला वा रस्त्यावर वाट काढायला संमती आवश्यक केली. २२० फूट म्हणजे ६७ मीटर. आपल्या नियंत्रण रेषेच्या जवळपासचाच आकडा.

आपल्याकडे तरी निराळे काय दिसते? गावात गर्दी झाली म्हणून बाहेरून वळणरस्ता काढायचा. वर्षभरात त्याच्या कडेला चहाची टपरी, मग पंक्चरवाला, मग मंगल कार्यालय. पाचव्या वर्षी त्या वळणरस्त्याला वळणरस्ता हवा! यात पैसा जातो तो जातोच, माणसेही जातात. गाळ्याच्या पायरीवरून उतरलेले पोर थेट उसाच्या ट्रॅक्टरपुढे येते. मधे दहा पावले मोकळी असती, तर आईच्या हाताला त्याचा सदरा लागला असता. रेघ आहे ती या दहा पावलांसाठी.

मामांचा अर्ज मात्र सुखासुखी सुटला नाही. सातबारा झाला, मोजणीचा नकाशा झाला. नकाशात रस्त्याच्या मध्यापासूनचे अंतर दाखवले नव्हते, म्हणून तो परत आला. अंतर दाखवले, तर फाटकाची जागा दाखवली नव्हती. फाटक दाखवले, तोवर साहेबांची बदली झाली. एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून 'अभिप्रायार्थ' पुन्हा पहिलीत. सिमेंटचा भाव चढत होता. मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून गेला. माझी मामेबहीण तोंडाने काही बोलत नव्हती. पण शिवणाचे यंत्र घरातल्या बोळात मांडून ती रात्री अकरापर्यंत दिव्याखाली ब्लाउज शिवत बसे, ते मामांना पाहवत नसे. शेजारच्या घराचे दोन गाळे रस्त्याला भिडून केव्हाच उभे राहिले होते. एकात केशकर्तनालय, दुसऱ्यात मोबाइल दुरुस्ती. भाडे दरमहा सुरू.

नवव्या महिन्यात उत्तर आले. नकाशावर तांबडी रेघ मारली होती आणि ती दोन्ही गाळ्यांच्या पाठीमागून गेली होती. चार गुंठ्यांतला पुढचा जवळजवळ एक गुंठा मोकळा सोडायचा. घर मागे सरकवायचे. दोन गाळ्यांच्या जागी एकच बसत होता. मामांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि मला म्हणाले, "अरे, नियम पाळला त्याचा एक गाळा गेला आणि न पाळला त्याचे दोन झाले. हे मुलांना कसं शिकवायचं रे?"

मला उत्तर सुचले नाही. मामेबहीणच म्हणाली, "अण्णा, एक आहे ना? मला एकच लागतो."

त्याप्रमाणे घर झाले. भाड्याचे उत्पन्न बुडाले ते बुडालेच. त्याची भरपाई कोणी केली नाही. दुकान रेघेच्या आत, थोडे मागे. पहिले सहा महिने गिऱ्हाइकाला ते दिसतच नव्हते, हेही लपवून ठेवत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी रस्ता रुंद करायची बोलणी निघाली आणि मोजणीवाले आले. साखळी धरली, टेप धरली आणि शेजारच्या गाळ्याच्या आतल्या भिंतीवर, शटरपासून पाच-सहा फुटांवर, तांबड्या रंगाचा बाण काढून गेले. आता इथे मामांना समाधान वाटले असे मी लिहिले, तर गोष्ट छान जमेल. पण तसे झाले नाही. शेजारी ट्रक चालवून पै-पै साठवलेला माणूस. त्याची बायको दारात येऊन मामींना म्हणाली, "काकू, आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो. गुरुजींना कसं कळलं?" मामी काय बोलणार? त्यांनी तिला आत बोलावले आणि चहा टाकला.

वाचकहो, मला जे सांगायचे आहे, ते या बाईच्या प्रश्नात आहे. त्या कुटुंबाने चोरी केली नव्हती. त्यांनी आपल्या जागेत, आपल्या पैशाने भिंत बांधली होती. ज्या रेघेवर त्यांचे नशीब ठरणार होते, ती रेघ त्यांना दिसतच नव्हती; ती फायलीत होती. रस्त्याच्या हद्दीचे दगड कुठे मातीत बुडालेले, कुठे कोणी उपटलेले. इमारत रेषेची तर जमिनीवर काही खूणच नसते. मग माणूस कशावरून चालणार? शेजाऱ्याच्या भिंतीवरून! तो जिथे थांबला, तिथे मी थांबणार. तो पुढे गेला, तर मीही पुढे जाणार. आणि मिस्त्री आहेच सांगायला, "परवानगीचं मागनं बघू."

म्हणून माझे एक सांगणे सरकारला आहे आणि एक आपल्याला. सरकारने रेघ फायलीतून काढून जमिनीवर आणावी. हद्दीचे दगड रंगवावेत, गावोगावच्या चावडीवर त्या त्या रस्त्याची जात आणि अंतरे मोठ्या अक्षरांत लिहून लावावीत. आणि 'हो' म्हणायचे असो वा 'नाही', ते वेळेत म्हणावे. नकारापेक्षा नऊ महिन्यांची गप्पी माणसाला अधिक बेकायदा बनवते.

आपण काय करावे? घराचा आराखडा काढण्याआधी, जागेचे पैसे मोजण्याआधी, रस्ता कोणाचा हे विचारावे. लेखी विचारावे आणि अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. मोजणीच्या नकाशात रस्त्याचा मध्य, रस्त्याची हद्द आणि आपले फाटक ही तिन्ही आधीच दाखवावीत. मामांच्या तीन खेपा त्यापायी गेल्या. अंतर कोणी सांगितले, तर कोणत्या अधिसूचनेप्रमाणे, असे अदबीने विचारावे. कागद मिळत नसेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. ज्या सेवांना शासनाने मुदत लावली आहे, त्यांच्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. मुदत टळली की अपील करता येते. ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला म्हणजे महामार्गाची परवानगी मिळाली असे समजू नये. ही दोन वेगळी कुलुपे आहेत. आणि परवानगीवाचून उभारलेल्या भिंतीची बाजू, पुढे रस्ता रुंद होऊ लागला म्हणजे, लंगडीच पडते, हे मिस्त्रीचे बोलणे ऐकताना आठवावे.

गेल्या दिवाळीला मी माधवनगरला गेलो होतो. शेजारचा बाण अजून तसाच होता. रस्त्याचे काम सुरू झाले नव्हते आणि त्या घराची काळजी संपली नव्हती. मामेबहिणीच्या दुकानात बरी गर्दी होती. पाटी आता रस्त्यावरून दिसेल अशी लावली आहे आणि बायकांना स्कूटर उभी करायला पुढे जागा आहे, म्हणून त्या तिच्याकडेच येतात, असे ती म्हणाली. पुढच्या त्या मोकळ्या गुंठ्यात भाच्याने किल्ला केला होता. दगड, माती, वर पोते पसरून चिखलाचा लेप, हळीव पेरून आणलेली हिरवळ, बुरुजावर मावळे आणि पायथ्याशी विहीर. मदतीला शेजारच्या घरातली दोन पोरे होती. त्यांच्या दारात किल्ल्याला जागाच नाही.

मामा ओट्यावर बसून पाहत होते. एका पोराने तटाची माती रस्त्याच्या बाजूला जरा पुढे ओढली, तसे ते खेकसले, "ए, रेघेच्या आत घे!"

पोराने विचारले, "कुठली रेघ, गुरुजी? दिसत नाही की!"

मामा उठले, घरातून चुन्याचा डबा आणला आणि खाली वाकून या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरी रेघ ओढून दिली.